यादीबाहेरची कोची

फोर्ट कोचीत उतरल्याबरोबर एका रिक्षावाल्याने माझ्या हातात प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक कागद ठेवला. त्यावर प्रेक्षणीय स्थळांची यादी छापलेली होती: चिनी जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, वास्को द गामाची कबर, सांताक्रूझ बॅसिलिका, डच दफनभूमी, डच राजवाडा, ज्यू टाउन आणि तेथील सिनेगॉग (यहुदींचे प्रार्थनागृह), धोबीखाना, जैन मंदिर, मसाल्यांचा बाजार. हे सगळे चार तासांत दाखवतो, असे तो म्हणाला आणि त्याने भाडे इतके कमी सांगितले की माझ्या मनात शंका यायला हवी होती. पण कुडाळला गाडीत बसल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, त्यामुळे डोके चालत नव्हते. भाड्याचे गणित तासाभरात उलगडले. दर दोन स्थळांमागे एका मसाल्याच्या दुकानासमोर रिक्षा थांबत होती आणि ‘घेऊ नका, नुसते बघा’ असा प्रेमळ आग्रह होत होता. तिसऱ्या दुकानात मी भिडेपोटी पाव किलो वेलची घेतली. ती गावच्या बाजारातल्या भावापेक्षा बरीच महाग पडली, हे घरी आल्यावर सर्वांनी आळीपाळीने सांगितले.

मी वेंगुर्ल्याचा. आमच्या गावात सतराव्या शतकातली डच वखार आहे. म्हणजे तिच्या पडक्या भिंती आहेत, आणि त्या भिंतींत झाडांची मुळे इतकी खोल शिरली आहेत की कोणी कोणाला उभे धरले आहे हे सांगणे अवघड. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. डच म्हणजे कोण, ते वेंगुर्ल्यात काय करत होते आणि गेले कुठे, हे प्रश्न तेव्हा पडले नाहीत. पुढे वाचनात आले की गोव्याच्या पोर्तुगीजांना शह देण्यासाठी त्यांनी वेंगुर्ल्यात ठाण मांडले होते आणि 1663 मध्ये त्यांनी पोर्तुगीजांकडून कोची हिसकावून घेतली. तेव्हापासून कोचीला जायचे मनात होते. आपल्या गावातून उठून गेलेले बिऱ्हाड दुसरीकडे कसे मांडले गेले, हे पाहावे, इतकीच इच्छा होती.

त्या दिवशी वार शुक्रवार होता, म्हणून राजवाडा बंद होता. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणून सिनेगॉग बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असल्याने पर्यटकांना बाहेर थांबावे लागले. तीन दिवसांचा बेत करून येणाऱ्याची सोय या शहराने अशी केली आहे की रोज काहीतरी बंद असावे.

शुक्रवारी उघडे होते ते सेंट फ्रान्सिस चर्च. 1503 मध्ये पोर्तुगीजांनी येथे लाकडी चर्च उभारले, भारतात युरोपीय लोकांनी बांधलेले ते पहिले. पुढे ते दगडाविटांत नव्याने बांधले गेले, डच आल्यावर ते प्रॉटेस्टंट झाले, 1795 मध्ये इंग्रज आल्यावर काही वर्षांनी अँग्लिकन झाले आणि आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा नजर जाते ती छताखाली ओळीने टांगलेल्या कापडी पंख्यांकडे. त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात. बाहेर उन्हात बसून कोणीतरी त्या ओढायचे, तेव्हा आतल्यांना प्रवचन ऐकताना वारा लागायचा. उत्तरेच्या भिंतीला पोर्तुगीजांच्या कबरींचे दगड आणि दक्षिणेच्या भिंतीला डचांचे, असे हे दोन वैरी समोरासमोर उभे आहेत. बाजूला कठड्याच्या आत वास्को द गामाचा दगड. तो 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत वारला आणि इथे पुरला गेला. 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. म्हणजे गेली पाचशे वर्षे, थोडी कमी, ही कबर रिकामी आहे. तरीही कठड्याभोवती वीसपंचवीस माणसे वाकून फोटो काढत होती, आणि मीही काढला.

बाहेर येऊन मी तो मढवलेला कागद पुन्हा पाहिला. कबर आहे, पण तिच्यात मृत नाही. राजवाडा आहे, राजा नाही. गावाचे नावच फोर्ट, पण पोर्तुगीजांनी बांधलेला इमॅन्युएल किल्ला डचांनी आवळून लहान केला आणि उरलेला इंग्रजांनी 1806 मध्ये पाडला. आता समुद्रकाठी त्याचे काही दगड दिसतात. सिनेगॉग आहे, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष गावात जमत नाहीत. या यादीतली बहुतेक नावे जहाजातून आले आणि जहाजातून गेले त्यांची होती. आले आणि इथेच राहिले, त्यांच्यासाठी एखाददुसरी ओळ. मग मी ठरवले की उरलेले दोन दिवस रिक्षा नको.

शनिवारी पहाटे समुद्रावर गेलो. चिनी जाळ्यांचे फोटो आपण इतके पाहिलेले असतात की प्रत्यक्ष पाहण्याची उत्सुकता राहत नाही, आणि ती राहू नये, कारण फोटोत सूर्यास्त असतो, यंत्र नसते. हे खरे तर एक अजब यंत्र आहे. किनाऱ्यावर रोवलेल्या चौकटीवर एक प्रचंड लाकडी हात तोललेला असतो. त्याच्या समुद्राकडच्या टोकाला चार वाकलेल्या बाहूंवर जाळे ताणलेले, आणि जमिनीकडच्या टोकाला वेगवेगळ्या लांबीच्या दोरखंडांवर धोंडे लोंबत असतात. एक माणूस मुख्य ओंडक्यावरून समुद्राच्या दिशेने चालत जातो. त्याच्या तेवढ्याशा वजनाने सगळा डोलारा झुकतो आणि जाळे पाण्यात बसते. चारपाच मिनिटे कोणी काही बोलत नाही. मग चारपाच जण दोर ओढू लागतात, जाळे वर येते आणि ते जसजसे वर येते तसतसे धोंडे एकेक करून फळ्यांवर टेकत जातात, म्हणजे तोल शेवटपर्यंत सांभाळला जातो. या हिशेबाला कागद लागलेला नाही. कोणी म्हणते ही जाळी चिनी आरमारासोबत आली, कोणी म्हणते पोर्तुगीजांनी ती मकावहून आणली. काही भागांची नावे पोर्तुगीज वळणाची आहेत, हे दुसऱ्या मताच्या बाजूने. त्या सकाळी पहिल्यांदा वर आलेल्या जाळ्यात मूठभर मासे होते आणि एक प्लॅस्टिकची चप्पल.

खरा बाजार थोडा अलीकडे भरला होता. होड्यांतून आलेले मासे जमिनीवर ढिगाऱ्यांनी ओतले जात होते आणि भोवती कडे करून गिऱ्हाइके उभी होती. लुंगी वर खोचलेला एक माणूस एका लयीत आकडे म्हणत होता. मला मल्याळम येत नाही. आकडे कळत नव्हते, पण गर्दीत कोणीतरी ‘लेलम’ म्हणाले आणि मी मागे वळलो. लेलम म्हणजे लिलाव. शब्द पोर्तुगीज, त्याच्या मागे अरबी असल्याचे कोशकार सांगतात. वेंगुर्ल्याच्या बंदरावर आजोबा ‘पाव’ म्हणावा तितक्या सहज ‘लिलाव’ म्हणायचे, आणि आमच्यापैकी कोणालाही हा परका शब्द आहे असे स्वप्नातही वाटले नसते. एकदा कान उघडल्यावर दिवसभर तोच उद्योग झाला. आपण चावी म्हणतो, तिथेही चावी. आपले मेज, त्यांचे मेश. आपला पाद्री, त्यांचा पातिरी. खिडकीला ते जनाल म्हणतात, हा शब्द मात्र आपण घेतला नाही; आपण घेतली बिजागरी. पोर्तुगीज दोन्ही किनाऱ्यांवर आले, त्यांनी बाटवले, लुटले, जाळले आणि जाताना घरातल्या बारीकसारीक वस्तूंची नावे विसरून गेले. कठड्यातल्या त्या रिकाम्या दगडापेक्षा लिलावाच्या त्या एका शब्दात मला पोर्तुगीज अधिक भेटले. एका ढिगात काळुंदर चकाकत होती. केरळात ती करिमीन म्हणून राज्याचा मासा आहे. आमच्याकडे खाडीतली काळुंदर मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर ठीक, अशी तिची पत आहे.

दुपारी मट्टनचेरीला, ज्यू टाउनच्या गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा सिनेगॉगचे दार बंद होते. शेजारच्या दुकानदाराने मान न उचलता सांगितले, ‘आज शनिवार.’ त्या दोन शब्दांनी मी थोडा वेळ जागच्या जागी थांबलो. अलिबागच्या बाजूला आपल्याकडे ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद, एवढ्यावरून गावाने त्यांचे नाव पाडले. आपण यहुदी आहोत ही खूण त्यांनी शनिवार पाळून आणि खवले नसलेले मासे टाळून जपली, पण हिब्रू मात्र विसरली होती. त्यांची परंपरा सांगते की रहाबी घराण्यातल्या दाविद नावाच्या माणसाने त्यांना ओळखले आणि धर्माचरणाचे धडे दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या बेने इस्राएलांना हिब्रू शिकवायला कोचीहून शिक्षक आले, हा इतिहास आहे. रहाबी हे कोचीतले मोठे व्यापारी घराणे. समोर जो घड्याळाचा मनोरा दिसत होता तो 1760 च्या सुमारास एझेकिएल रहाबीने बांधवला. त्याच्या तबकड्यांवर एकीकडे हिब्रू, एकीकडे रोमन आणि एकीकडे मल्याळम आकडे आहेत. आज या गल्लीत शनिवार पाळणारे जवळजवळ कोणीच उरलेले नाही. दाराचे कुलूप मात्र शनिवार चुकवत नाही.

रविवारी आत गेलो. चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे ती प्रसिद्ध जमीन पायाला थेट लागते, गार आणि किंचित चढउताराची. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या निळ्यापांढऱ्या हातरंगीत फरशा. दोन फरशा एकसारख्या नाहीत, असे प्रत्येक माहितीपुस्तिका सांगते. मी खाली बसून शोधू लागलो. विलो, लहानसा पूल, पाणी. पुन्हा विलो, पूल, पाणी. एका जागी दोन फरशा मला हुबेहूब वाटल्या, पण पुरती खात्री करण्याआधीच पहारेकऱ्याने उठायची खूण केली.

हे सिनेगॉग 1568 चे. परदेशी, म्हणजे स्पेनपोर्तुगालातून आणि इतर देशांतून आलेल्या यहुदींचे, म्हणून ‘परदेशी सिनेगॉग’. त्यांच्याही आधी शेकडो वर्षे या किनाऱ्यावर मलबारी यहुदी होते, इ.स. 1000 च्या आसपास भास्कर रविवर्मा राजाने जोसेफ रब्बान याला सनदेचे ताम्रपट दिले, ते याच सिनेगॉगमध्ये जपलेले आहेत. झुंबरे, फरशा आणि ताम्रपट यांबद्दल मार्गदर्शक भरभरून सांगतात. ज्याबद्दल ते सहसा बोलत नाहीत ती गोष्ट दाराजवळच्या जागेची आहे. परदेशी यहुदींच्या मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना आत बाकांवर बसायला मज्जाव होता. त्यांनी बाहेरच्या ओवरीत जमिनीवर बसून प्रार्थना ऐकायची. त्याच वंशातले ए. बी. सालेम वकील झाले, राष्ट्रीय चळवळीत उतरले आणि त्यांनी आपल्याच सिनेगॉगमध्ये सत्याग्रह केला. लोक त्यांना ‘यहुदी गांधी’ म्हणत. हळूहळू बंधने सैल झाली. इस्राएल झाल्यावर मलबारी यहुदी जवळजवळ सारे गेले, मागून परदेशीही गेले, आणि बसायला जागा मिळाली तोवर बसणारेच उरले नाहीत. सर्वधर्मसमभावाची कोची दाखवताना हे गाळले जाते, त्याचे मला आश्चर्य वाटले नाही. एका गल्लीत अनेक देवळे असली म्हणजे आतल्या पायऱ्या संपतात, असे नाही. हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

राजवाड्याबद्दल थोडक्यात सांगतो. तो बांधला 1555 च्या सुमारास पोर्तुगीजांनी, राजाला नजर म्हणून. डचांनी डागडुजी केली आणि नाव डचांचे झाले. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या यज्ञापासून पुढे सगळे रामायण रंगवलेले आहे, आणि त्यासाठी एक पूर्ण दुपार हवी. माझ्याकडे अर्धा तास होता.

धोबीखाना यादीत होता म्हणून टाळायचे ठरवले होते, तरी वाटेत लागला. मैदानभर दोऱ्यांच्या रांगा, आणि दोऱ्या एकेरी नाहीत; दोन दोऱ्यांना पीळ देऊन ताणलेले आहे आणि कपड्याची कड त्या पिळात खोचायची, म्हणजे चिमट्याचे काम नाही. आत कोळशाच्या जड इस्त्र्या. हा शब्दही पोर्तुगीजच, माझ्या मोजणीत आणखी एक भर. डच फौजेचे गणवेश धुण्यासाठी तमिळ मुलखातून आणलेल्या वण्णान लोकांचे हे वंशज. फौज गेली, धुणे राहिले. एक म्हातारा इस्त्री करता करता परक्या पर्यटकांकडे न पाहता काम करत होता आणि ते त्याचे फोटो काढत होते. राहिलेल्यांना यादीत जागा मिळते ती अशी, हेही दिसले. मग मला माझ्या तक्रारीत फारसा दम वाटेना.

रविवारी संध्याकाळी चेरलाईत गेलो. मट्टनचेरीतली ही वस्ती कोकणी लोकांची: गौड सारस्वत, सोनार, वैश्य, कुडुंबी. सोळाव्या शतकात गोव्यातल्या धर्मांतराच्या वरवंट्याखालून निसटून हे लोक गलबतांतून दक्षिणेला उतरले. गोश्रीपुर हे कोचीचे नाव त्यांच्या तोंडी आजही आहे. वस्तीच्या मध्यावर तिरुमल देवस्वम् हे वेंकटेशाचे देऊळ आणि मोठे तळे. केरळी रिवाजाप्रमाणे सदरा काढून खांद्यावर टाकला आणि आत गेलो. हा देवही निर्वासित झालेला आहे. 1791 मध्ये शक्तन तंपुरान राजाचा या समाजावर रोष झाला, तेव्हा लोक मूर्ती घेऊन आलप्पुळ्याला पळाले, आणि ती परत कोचीला आली 1853 मध्ये. साठेक वर्षे देव परमुलखात.

बाहेर एका घराच्या ओसरीवर पापड वाळत होते. मी पाहत उभा राहिलो तसे खुर्चीतल्या आजोबांनी मल्याळममध्ये काही विचारले, मग इंग्रजीत. वेंगुर्ल्याहून आलो म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘उद्दाक जाय वे?’ आमच्या मालवणीत ‘पाणी होया?’ म्हणतात, तरी अर्थ कळायला क्षणही लागला नाही. मग एक तासभर ते त्यांच्या कोकणीत आणि मी माझ्या मालवणीत बोलत बसलो. जिथे अडले तिथे इंग्रजी. त्यांचे कुलदैवत गोव्यात. लग्न ठरले की घरातले कोणीतरी जाऊन येते. एकदा देवळाबाहेर त्यांनी फुलवाल्याशी कोकणीत बोलायला सुरुवात केली, तर त्याने हिंदीत उत्तर दिले, हे सांगताना ते हसले, पण ती गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

त्यांच्याशी मी एका पुस्तकाचा विषय काढला. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन रेडे याने कोचीत बसून मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध करवला. 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा वैद्य प्रमुख होता, आणि त्याच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ बसून आपण हे काम केले, असे प्रमाणपत्र त्यांनी 1675 मध्ये लिहून दिले, आणि ते त्यांच्याच हस्ताक्षरात, नागरी लिपीत, पहिल्या खंडात छापलेले आहे. लॅटिन ग्रंथाच्या पानावर ती अक्षरे मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेलो होतो. आजोबांना हे सारे माहीत होते. त्या तिघांची नावे त्यांनी घेतली ती घरातल्या माणसांची घ्यावीत तशी, नुसती: रंग भट, विनायक, अप्पू. वेंगुर्ल्यात भिंती सोडून गेलेल्या डचांच्या ग्रंथात कोचीच्या वैद्यांची अक्षरे राहिली आहेत, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी वखारीची चौकशी केली. झाडांच्या मुळांचे ऐकून त्यांनी पहिल्यांदा विचारले, झाड कुठले. वड की पिंपळ, हे मला सांगता आले नाही.

निघताना त्यांनी विचारले, काय काय पाहिलेत? मी यादी म्हणून दाखवली. सिनेगॉगचे नाव आल्यावर ते म्हणाले की इथून चालत गेले तर फार लांब नाही, जन्म इथे गेला, पण आत जायचे राहूनच गेले. मग पुढे वाकून विचारले, दोन फरशा सारख्या नाहीत म्हणतात, ते खरे का? मी म्हणालो, मला दोन सारख्या सापडल्या, पण पहारेकऱ्याने उठवले. आजोबा मोठ्याने हसले आणि आत वळून घरातल्या बायकांना त्यांनी ही बातमी एका लांब वाक्यात सांगितली. त्या वाक्यातला एक शब्द सोडला तर सगळे मला कळले. तो शब्द काय होता, हे विचारायच्या आतच आतून प्रश्न आला की पाहुणा पापड घेऊन जाणार ना, आणि आजोबा कागद शोधायला उठले.